सोळा सक शहाण्णव

मामंजी,

या घरात मला सतरा वर्षं झाली आणि तुमच्याशी मी सरळ असा एक शब्द बोलले नाही. आज पहिल्यांदा तुम्हाला 'तुम्ही' म्हणते आहे, तेही वहीत. कुसूच्या गणिताच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता तुम्ही नाहीच, म्हणून एवढा धीर झाला. चौथीत आमचे गुरुजी सांगायचे की बोलायचं ते घरच्यासारखं बोलावं आणि लिहायचं ते पुस्तकासारखं लिहावं. म्हणून असं लिहिते आहे. ऐकलं असतंत तर म्हणाला असतात, "ही खंयची मास्तरीण इली घरात?"

आज तुमचा नववा दिवस. उद्याच्या दहाव्याची तयारी करायला कुसूचे बाबा भटजींकडे गेले आहेत. कुसू ओटीवर झोपली आहे, केस अजून ओलेच आहेत. आज सकाळी खाडीवर काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण त्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती सांगायची तर पहिल्यापासून सांगायला हवं.

सासऱ्याशी सुनेनं बोलू नये ही रीत तुम्ही केलेली नव्हती आणि मीही नाही. पण आपण दोघांनी ती इतकी नीट पाळली की गावात हसायचे. तुम्हाला काही सांगायचं असलं की तुम्ही कुसूला सांगायचात. कुसू पाळण्यात होती तेव्हापासून. "गो कुसू, तुझ्या आवशीक सांग, आमटीत मीठ नाय." चार महिन्यांची पोर काय सांगणार? मी आतून मीठ पाठवायची. कुसू शाळेला गेली की तुम्ही खांबाशी बोलायचात आणि मी पाण्याच्या घागरीशी. एकदा तुम्ही खांबाला विचारलंत, "आज बाजारात बांगडो मेळाक नाय काय रे?" मी घागरीला सांगितलं, "मेळलो, पण मांजरान खाल्ल्यान." तेव्हा तुम्ही खांबाकडे तोंड करून हसलात. मी चुलीपुढे हसले. एकत्र हसलो म्हणायला हरकत नाही.

तुम्ही मला ओळखत होतात हे मात्र मला माहीत होतं. मी काथ्या कुटायची तो जुना लाकडी मोगर जड होता, मनगट सुजायचं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. एक दिवस खैराच्या लाकडाचा नवा मोगर माझ्या बसायच्या जागी ठेवलेला होता. मूठ अशी की माझ्या हाताचं माप घेऊन केली असावी. माप तुम्ही कधी घेतलंत? मी मडक्यांना हात घालताना तुम्ही नुसतं बघितलं असणार. हे मी पुढच्या गोष्टीसाठी सांगते आहे. दुसऱ्याच्या हाताचं माप तुम्हाला नजरेनं कळत होतं.

कुसूला पोहायला तुम्ही शिकवलंत. पण गोष्ट सुरू झाली ती तिच्या परीक्षेच्या दिवशी. पलीकडे नेणारी तर चुकली, नावाडी पलीकडच्या काठाला, आणि ही पोर दप्तर डोक्यावर बांधून खाडीत उतरली आणि पोहत शाळेला गेली. पलीकडे कवायतीचे मास्तर उभे होते. त्यांनी ओल्या कपड्यातल्या पोरीला ओरडायचं सोडून विचारलं, "किती वेळ लागला गं तुला?" ही म्हणाली, "माका काय म्हायत, मिया पोवत होतंय."

दिवाळीनंतर ते मास्तर आपल्या ओटीवर आले. ते घाटावरचे, तुमच्याशी सुद्धा पुस्तकातलं बोलायचे. म्हणाले, "आजोबा, शाळेच्या मुलींच्या पोहण्याच्या मोठ्या स्पर्धा आहेत, राज्याच्या. पण कुणालाही घेत नाहीत. आधी पात्रतेची वेळ गाठावी लागते."

तुम्ही सुपारी कातरायची थांबलात. "पात्र म्हटल्यार भांडां. पोरीक भांडां घेवन पोवचा आसा?"

"तसं नव्हे. शंभर मीटर अंतर एक मिनिट छत्तीस सेकंदांच्या आत पोहायला हवं. माझ्यासमोर, माझ्या घड्याळावर. मी सही केली तरच तिचं नाव पुढे जाईल. शिमग्याच्या आधी कळवायचं आहे."

"आणि एक सदतीस झाले तर?"

"तर नाव जाणार नाही."

तुम्ही पुन्हा अडकित्ता उचललात. मग म्हणालात, "पात्र म्हणजे खाडीचा पण असता, मास्तर. तां माका म्हायत आसा. बघूया."

आत मी भिंतीला टेकून ऐकत होते. एक मिनिट छत्तीस सेकंद म्हणजे शहाण्णव. सोळा सक शहाण्णव. चौथीत मी तिसापर्यंतचे पाढे न अडखळता म्हणायची, एवढीच माझी विद्या. आणि काथ्या कुटताना भिजलेल्या सोडणाला, म्हणजे नारळाच्या जाड सालीला, मी पहिल्या फेरीत सोळा घाव घालते, आठ एका अंगानं, आठ उलटून. हात तसाच बसलेला आहे. माझ्या मनात आलं, सहा सोडणं कुटून होतील तेवढ्यात पोर पोचायला हवी.

घरात घड्याळ नव्हतं. माझ्या घावांवर वेळ मोजता येईल असं मी कुसूच्या कानात सांगितलं, कुसूनं तुम्हाला, तुम्ही मास्तरांना. पुढच्या खेपेला मास्तर मनगट पुढे करून माझ्यासमोर बसले. मी पदर ओढून, मान खाली घालून कुटत होते. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मिनिटाला बरोबर साठ घाव पडायला लागले. मास्तर म्हणाले, "वहिनी, घड्याळसुद्धा एवढं सरळ चालत नाही." मला इतकी लाज वाटली की मी घाव चुकले. पण त्यानंतर नाही चुकले.

आणि तुम्ही दोरी मोजलीत.

मास्तरांनी पुस्तकात बघून सांगितलं, एक वाव म्हणजे सहा फूट, पंचावन्न वाव झाले की शंभर मीटर होतात. वाव काय ते त्यांनी तुम्हाला शिकवायला नको होतं. दोन्ही हात पसरले की एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत एक वाव. तुम्ही तांडेल, गलबताचे म्होरके, चाळीस वर्षं त्या हातांनी समुद्राचा तळ मोजलात. गावात कुणाला दोरी घ्यायची झाली की मोजायला तुम्हालाच बोलवायचे. म्हणायचेही, "विकत घेवचा तर तांडेलाच्या वावान." तुम्हाला तो मान वाटायचा. मी सुंभ विकते म्हणून मला त्यातली गोम माहीत होती. घेणाऱ्याला तांडेल हवा, कारण तांडेलाचे हात लांब. दारातून तुम्ही वाकून यायचात. पण हे तुम्हाला कोण सांगणार?

ओटीवर उभे राहून तुम्ही माझंच सुंभ पंचावन्न वाव मोजलंत. दर वावाला मोठ्यानं आकडा. खाडीत एक बांबू कायमचा रोवला, माझ्या बसायच्या दगडासमोर. दुसरा दोरी पोचेल तिथे रोज रोवायचा. तुम्ही होडीतून त्या टोकाला, कुसू तिथेच पाण्यात, मी दगडावर. पाणी केव्हा थांबतं ते तुम्हीच सांगायचात. भरती भरून पाणी मागे फिरायच्या आधी थोडा वेळ खाडी हलत नाही, तेवढ्यातच पोहायचं. तुम्ही वल्हं वर उचललंत की मी पहिला घाव घालायची. बघणाऱ्याला वाटायचं, बाई काथ्या कुटते आहे. मला तेच बरं होतं.

पहिल्या दिवशी आठ सोडणं झाली. कुसू धापा टाकत बांबूला लटकली. तुम्ही होडी घेऊन आलात आणि तिला म्हणालात, "हात पाण्यावर आपटू नको. पाणी काय भाकरी आसा थापूक?"

पौषात सात सोडणांवर आली. थंडीनं ओठ निळे पडायचे, तुम्ही तिला तुमची घोंगडी द्यायचात. माघ लागला तेव्हा सहा सोडणं आणि सहा घाव. आणि तिथे अडली. काही केलं तरी सहा घाव उरायचेच. एकशे दोन. रोज एकशे दोन. मास्तरांनी तिला श्वास एका बाजूनं घ्यायला शिकवला, तुम्ही पाय कसे मारायचे ते होडीत पालथं पडून दाखवलंत, या वयात. सहा घाव काही जाईनात. कुसू चिडचिडी झाली. "आये, माझ्यान होवचा नाय," म्हणून भात तसाच ठेवून उठायची.

त्याच दिवसांत मी कट्ट्याच्या बाजाराला गेले, सुंभ पोचवायला आणि तिच्या पोहायच्या कपड्यासाठी काळं कापड घ्यायला. मास्तरांनी सांगितलं होतं की परकर चालणार नाही. दुकानात नवा लोखंडी मीटर आला होता. माझ्या पिशवीत तुमच्या वावाची दोरी होती, दोन गाठींची, गाठीपासून गाठीपर्यंत एक वाव. ती तुम्हीच मला दिली होती, "तुझ्या आवशीक सांग, सुंभ ह्या मापान दी, लोकांक कमी देव नको" असं कुसूला सांगून. काय मनात आलं कोण जाणे, दुकानदार कापड घडी घालत होता तोवर मी ती दोरी मीटरवर धरली. दोन मीटरला चार बोटं कमी.

दुकानदारानं बघितलं. "तांडेलाचो वाव मगो ह्यो?" तो हसला. "म्हणान तुमचा सुंभ लोक आवडीन घेतत."

परत येताना मी मनात गुणाकार केला. पंचावन्न दुणे दाहोदरसे, म्हणजे एकशे दहा. त्यातून पंचावन्न वेळा चार बोटं वजा. एकशे सहा मीटर. आपली पोर रोज सहा मीटर जास्त पोहत होती. सहा मीटर, सहा घाव. तिनं वेळ गाठलेली होती, मामंजी. आठवडाभर आधीच काठावर गाठलेली होती.

मी कुणाला सांगितलं नाही.

कुसूला सांगितलं असतं तर ती तशीच धावत तुमच्याकडे आली असती. तिच्या बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी तोंडावर विचारलं असतं. मी स्वतःची समजूत घातली की बरंच आहे, जास्त पोहू दे, अंगात ताकद येईल. पण हे मागाहून सुचलेलं. खरं म्हणजे माझा धीर झाला नाही. ज्या हातांनी तुम्ही चाळीस वर्षं खडक चुकवले ते हात चुकीचे आहेत, हे सुनेनं सांगायचं? खांबाला सांगायचं? घागरीला?

मग तुम्हीच विषय काढलात. त्या दिवशी कुसू बांबूला धरून रडत होती. तुम्ही होडीतून उतरलात आणि तिला म्हणालात, पण आवाज माझ्यासाठी होता. "रडतंस कित्याक? तुझी काय चूक नाय. तुझ्या आवशीचे घाव बेगीन पडतत. तिका सांग, जरा दमान कुट."

मला ते लागलं. सतरा वर्षांत तुमचं काही लागलं नव्हतं, ते लागलं. मिनिटाला साठ घाव, मास्तरांनी तपासलेले. मी मोगराकडे बघून म्हणाले, "हात माझे खरे आसत. दोरी कोणी बघितल्यान?"

कुसू रडायची थांबली. तुम्ही खाली वाकलात. दोरी गोळा केलीत, खांद्यावर टाकलीत आणि घरी गेलात. मी मागून आले तेव्हा तुम्ही ओटीवर हात पसरून उभे होतात, दोरी पुन्हा मोजत. बावन्न, त्रेपन्न, चोपन्न. शेवटच्या वावाला तुम्ही खांबाकडे वळलात आणि म्हणालात, "पंचावन्न. बघ."

पंचावन्नच भरणार होते. हात तेच होते.

हात कोण मोजणार, हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी आत जाऊन भाताचं पाणी वेळून काढलं.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला ताप भरला. छाती वाजायला लागली. कुसूच्या बाबांनी होडी घेऊन तिला खाडीत नेलं, कारण तुम्ही पडल्या पडल्या सांगत होतात, एक दिवस चुकवायचा नाही. मास्तरांसमोर पोहायचा दिवसही तुम्हीच ठरवला होतात. नवमी, सकाळी सात. भांगाचं पाणी, ओढ कमी, ते जास्त वेळ थांबतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी टपालानं नाव जायचं होतं. मास्तर म्हणाले, त्यापलीकडे थांबता येणार नाही.

अमावास्येच्या दुपारी घरात आपण दोघंच होतो. मी तुमच्या उशाशी पेजेची वाटी ठेवली. कुसू नव्हती, आणि खांब तुमच्या नजरेत नव्हता. तुम्ही आढ्याकडे बघत विचारलंत, "किती?"

मामंजी, त्या वेळी मला सांगता आलं असतं. पोर पोचली आहे, मास्तरांच्या पुस्तकातला वाव लहान आहे आणि तुमचा मोठा, एवढंच तर होतं. त्यात अपमान तरी कसला? मी घागरीकडे वळले आणि म्हणाले, "सा सोडणां नि सा घाव."

तुम्ही डोळे मिटलेत. "असोंदे," म्हणालात.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तुम्ही गेलात. पोरीचं जमलं नाही असं मनात घेऊन गेलात. बाकी सगळं मी सोसेन, तुमचं वय झालं होतं. पण हे माझ्यामुळे झालं.

आता कबूल करायचं ते. अंगणात पुरुष तिरडी बांधत होते. कुणीतरी हाक मारली, "सुंभ कमी पडता, थोडा आणा." मी पडवीत गेले. तिथे नव्या सुंभाची अख्खी गुंडी होती. तिच्या शेजारी तुमची पंचावन्न वावांची दोरी होती. मी गुंडी घेतली नाही. दोन गाठींचं माप काढलं आणि तुमच्या दोरीवर लावलं. एक, दोन, तीन. कोयत्यानं तोडली आणि तो तुकडा बाहेर दिला. बायका रडत होत्या, मी पण रडत होते, आणि रडता रडता मोजत होते. तुम्ही उठून काही म्हणू शकत नव्हतात तेव्हा मी भांडण जिंकले. तुमचे जास्तीचे तीन वाव तुमच्याबरोबर गेले आणि ते कुणालाही कळलं नाही.

हे बरं केलं की वाईट, नऊ दिवस विचार करते आहे. पण माफी मागायला लिहीत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तोडीन.

काल संध्याकाळी मी कुसूला सांगितलं, उद्या लवकर उठ. तिचे बाबा जेवत होते. त्यांचा घास हातात राहिला. "सुतकात पोरीक पोवूक नेतंस? लोक तोंडात शेण घालतले."

शेजारची काशी दारातच होती. ती म्हणाली, "आज्याची चिता इझूक नाय गो, नि नात पोवूक चालली."

एरवी मी आत गेले असते. काल नाही गेले. म्हटलं, "दिस मामंजीनी ठरवल्यानी. भरती त्येनीच बघितल्यानी. सुतकात आंघोळ करूची नाय असा कोणी सांगल्यान? ती खाडीत आंघोळ करतली." आणि तिच्या बाबांना म्हटलं, "होडीत तुमी बसतलात."

काशी म्हणाली, "ही बोलता काय गो?"

कुसूच्या बाबांनी हातातला घास खाल्ला. मग म्हणाले, "किती वाजता?"

सकाळी खाडीवर धुकं होतं. मास्तर घड्याळ घेऊन आले. मला म्हणाले, "वहिनी, आज घड्याळ आहे. तुम्ही दमू नका." मी ऐकलं नाही. सहा सोडणं ओळीनं मांडली. दुसरा बांबू दोरीच्या नव्या टोकाला रोवला गेला. कुसूच्या अंगावर मी शिवलेला काळा कपडा. तिनं तुमच्या होडीला हात लावून नमस्कार केला आणि पाण्यात उतरली. वल्हं वर गेलं.

पहिलं सोडण. सोळा एके सोळा. मी वर बघितलंच नाही, माझं काम खाली होतं. सोळा दुणे बत्तीस. पाण्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता, तिनं हात आपटले नाहीत, भाकरी थापली नाही. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. चौसष्टला काशीचा आवाज काठावरून आला, "ये गो बाय, ये." ती केव्हा येऊन उभी राहिली मला माहीत नाही. ऐंशी. सहावं सोडण उलटलं. तेरा, चौदा, पंधरा, आणि बांबूवर थाप पडली.

सोळावा घाव माझ्या हातातच राहिला.

मास्तरांनी घड्याळ दोनदा बघितलं. "एक पस्तीस," म्हणाले. "एक मिनिट पस्तीस." मग कागद काढला आणि पेन उघडलं आणि थांबले. "अंतर मी मोजून घेतो. सही करायची आहे, माझ्यावर येतं."

शाळेच्या मैदानाची फीत त्यांनी आणली होती. दोरी सोडवून वाळूत ताणली. मामंजी, मी मोगर खाली ठेवला. रडत तोडलेली दोरी. एक हात जरी जास्त तोडला गेला असेल तर पोरीचं सगळं पाण्यात. आणि विचारतील, कमी कशी झाली? फीत चार वेळा ठेवली. मास्तर वाकले, डोळे बारीक केले.

"शंभर मीटर," ते म्हणाले, "आणि वर दीड वीत." ते उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. "हातानं मोजलेली दोरी. काय माणूस होता. मला मनातून शंका होती, आज सांगतो. तांडेलांचा वाव अगदी बरोबर निघाला."

कुसूचे बाबा तोंड फिरवून उभे राहिले. काशीनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "तो काय चुकतलो?" दुपारपर्यंत ते साऱ्या गावात झालं असेल.

मी काही बोलले नाही. आजवर मी गप्प बसायची ती लाजेनं, भीतीनं. आज तशी बसले नाही. तुमचा वाव बरोबर होता असं गाव म्हणत राहील आणि मी ही पानं फाडून चुलीत घालीन.

घरी येताना कुसू माझ्या खांद्याला लागून चालत होती. म्हणाली, "आये, आज बांबू माझ्याकडे चालत इल्यासारखो वाटलो." मग थोड्या वेळानं, हळूच, "दोरी आखूड झाली काय गो?"

म्हटलं, "थोडी आज्याबरोबर गेली."

ती माझ्याकडे बघत राहिली. कळलं असेल तिला, तुमचीच नात. पण तिनं पुढे विचारलं नाही. उद्या टपालानं तिचं नाव जाईल. परवापासून पुन्हा खाडीत, पाणी थांबेल तेव्हा. तिकडे पोचल्यावर एक पस्तीसनं भागणार नाही असं मास्तर म्हणतात. मी म्हटलं, चालेल, सोडणं पुष्कळ आहेत. मास्तरांशी मी सरळच बोलले, कुसूला मध्ये न घालता.

तुम्ही त्या दुपारी विचारलं होतं, किती. तेव्हा मी घागरीला सांगितलं. आता तुम्हाला सांगते.

पंच्याण्णव, मामंजी.